हिरवेपणा गटारात मोजा

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाबद्दल पर्यावरणाच्या अंगाने बोलायला लागलं की चर्चा दोनच मुद्द्यांवर अडकते: किती झाडं तोडली आणि किती लावणार. ठेकेदार रोपांचा आकडा देतो, अधिकारी तो अहवालात चढवतात, विरोधक जुन्या वडांचे फोटो दाखवतात. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक असतील, पण नजर चुकीच्या जागी आहे. वर्षाचा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत अंगावर घेणाऱ्या, डोंगराच्या कुशीकुशीने जाणाऱ्या रस्त्याचं पर्यावरण सगळ्यात आधी पाण्यावर ठरतं. पाणी कुठून येतं, रस्त्याखालून कसं निघतं, कापलेल्या डोंगरात किती मुरतं आणि खालच्या खाचरात उतरताना सोबत काय आणतं, एवढे चार प्रश्न सुटले तर रस्ता, डोंगर आणि शेत तिन्ही राहतात. सुटले नाहीत तर तोच रस्ता दहा-पंधरा वर्षांत पुन्हा करावा लागतो. एकच रस्ता दोनदा बांधण्याइतकी निसर्गाची उधळपट्टी दुसरी नसेल.

म्हणून या लेखाची मागणी साधी आहे. गटार, मोरी (रस्त्याखालून पाणी काढून देणारी वाट) आणि कापलेला उतार ही कामं क्रमात पहिली यावीत आणि त्यांच्या पैशांतला मोठा वाटा तीन पावसाळे निभावल्याशिवाय ठेकेदाराच्या हाती पडू नये. ‘हरित महामार्ग’ या नावाखाली बाकी जे काही मिरवलं जातं, ती वरून भुरभुरलेली कोथिंबीर आहे.

आधी जमीन पाहू. पनवेलहून निघालं की महाडपर्यंत काळा पाषाण आणि त्यावरचा मुरूम जास्त. चिपळूण ओलांडून दक्षिणेला जाऊ तसे जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी कातळपठारं, वाढत जातात. जांभा वरून कितीही टणक दिसला तरी तो भोकाभोकांचा दगड आहे. पावसाचं पाणी त्यातून सहज झिरपतं आणि खाली पांढुरकी-गुलाबी चिकणमाती लागली की तिथे थांबतं. ती माती भिजली की साबणासारखी होते. डोंगर अखंड असतो तोवर त्याच्या पायथ्याचा भार वरच्या थराला धरून ठेवतो. रस्त्यासाठी तो पायथाच कापला की वरचा थर नुसता त्या निसरड्या मातीवर टेकलेला राहतो. पहिल्या पावसात काही होत नाही. दुसऱ्या पावसात माथ्यावर बोटभर भेग दिसते. तिसऱ्या वर्षी जुलैत ती भेग पाण्याने भरते आणि अर्धा डोंगर रस्त्यावर येतो. मग ‘अतिवृष्टीमुळे दरड कोसळली’ अशी बातमी येते. त्या पावसाचं पाणी माथ्यावरच का अडवलं नाही, हे बातमीत नसतं.

हे अडवण्याचे उपाय कुणालाही नवे नाहीत. कापलेल्या उताराच्या माथ्यापासून तीन-पाच मीटर मागे एक अडवण गटार खणायचं, म्हणजे वरचं पाणी उताराच्या तोंडावर येतच नाही. उतार एकसलग भिंतीसारखा न कापता दर सहा मीटर उंचीला दोन-तीन मीटर रुंदीची पायरी सोडायची आणि त्या पायरीला आतल्या बाजूने ढाळ देऊन तिथलं पाणी बाजूला काढायचं. माथ्यावरचं आणि पायऱ्यांवरचं पाणी खाली आणायला पायऱ्यापायऱ्यांची उतरंड बांधायची, म्हणजे त्याचा जोर वाटेतच मोडतो. माती असलेल्या उतारावर समपातळीच्या ओळींत वाळ्याची ठोंबं लावायची, ठोंबांत वितीपेक्षा कमी अंतर ठेवून. वाळ्याची मुळं काही वर्षांत दोन-तीन मीटर खाली उतरतात आणि खिळ्यासारखं काम करतात. तोवर माती धरायला काथ्याची जाळी अंथरायची. ती दोन-तीन वर्षांत कुजून जाते, तेवढ्यात गवत पकडतं. नारळाच्या मुलखात काथ्या बाहेरून आणावा लागू नये, पण तो प्रश्न वेगळा.

चुकतं कुठे, तर तपशिलात. उतारावर लोखंडी जाळी ठोकून सिमेंटचा फवारा मारतात, पण आतलं पाणी बाहेर यायला ठेवलेल्या नळ्या एक तर विसरल्या जातात किंवा फवाऱ्याने बुजतात. मागे पाणी साचतं, दाब वाढतो आणि तो सिमेंटचा पापुद्रा मातीसकट सुटून येतो. दगडांच्या जाळीपेट्यांची भिंत बांधतात, पण तिच्या मागे गाळणीचं कापड आणि खडीचा थर न देता सरळ माती लोटतात. बारीक माती पेट्यांतून वाहून जाते, मागे पोकळी तयार होते आणि भिंत पोट काढते. अडवण गटार खणलेलं असतं, पण त्याचं टोक कुठल्याही वहाळाला (ओढ्याला) जोडलेलं नसतं, मध्येच डोंगरात सोडून दिलेलं असतं. असं गटार नसलेलं बरं, कारण ते सगळ्या माथ्याचं पाणी गोळा करून एकाच जागी मुरवतं. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी रोज काही तास वाहतूक बंद ठेवावी लागली. वर परशुराम गाव, खाली पेढे गाव, मधल्या उतारावर चौपदरी रस्ता. अशा जागी उताराचं काम रस्त्याच्या आधी पूर्ण व्हायला हवं, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही.

या बाबतीत शेजारीच एक धडा आहे. कोकण रेल्वे याच डोंगरांतून, बऱ्याच ठिकाणी महामार्गाला समांतर जाते. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडी आणि दगडांमुळे भीषण अपघात झाले. त्यानंतर रेल्वेने कापलेले उतार आणखी सपाट केले, दगड अडवायला जाळ्या लावल्या, पावसाळी गस्त आणि पावसाळी वेळापत्रक कसोशीने राबवलं. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदणारी यंत्रं बसवली आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची, असा दंडक घातला. म्हणजे कोकणातल्या कापलेल्या डोंगराचं काय करायचं, याचं ज्ञान याच जिल्ह्यांत दोन दशकांपासून उपलब्ध आहे. महामार्गाच्या कामात ते वापरायला कुणाची हरकत होती, हे कोडंच आहे.

आता मोरीकडे येऊ. महामार्गाचा भराव वहाळाच्या आडवा टाकला की तो बांध होतो, आणि त्या बांधाला पाण्याने वाट ठेवली आहे की नाही हे मोरी ठरवते. मोरीचा हिशेब शाळकरी गणिताएवढा सोपा आहे. समजा एका वहाळाचं पाणलोट ४० हेक्टर आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरा. कोकणात तो अजिबात अतिशयोक्त नाही. पडलेल्या पाण्यापैकी साठ टक्के वाहून येतं असं माना. म्हणजे ०.६ गुणिले १०० गुणिले ४०, भागिले ३६० (हा भाजक फक्त एकके जुळवण्यासाठी): सेकंदाला साधारण ६.७ घनमीटर. चौपदरी रस्त्याच्या मानकांत नव्या नळमोरीचा व्यास किमान १.२ मीटर सांगितला आहे. एवढा एक नळ तुडुंब भरून, सेकंदाला अडीच मीटर वेगाने वाहिला तरी २.८ घनमीटर पाणी नेतो. म्हणजे तीन नळ हवेत, किंवा दोन बाय दोन मीटरची चौकट मोरी. हेही नळ स्वच्छ आहेत असं धरून. प्रत्यक्षात ऑगस्टपर्यंत नळात ओंडका, पालापाचोळा, प्लास्टिक आणि वरच्या कटिंगमधून आलेला गाळ मिळून निम्मी जागा खातात. म्हणून नळापेक्षा चौकट मोरी बरी: माणूस आत उतरून साफ करू शकतो.

चौकट मोरीचा दुसरा फायदा फारसा कुणी बोलत नाही. तिच्या एका कडेला अर्धा मीटर रुंदीचा कोरडा कट्टा ठेवला तर साळिंदर, उदमांजर, खवले मांजर असे प्राणी रात्री रस्त्याखालून पलीकडे जातात. त्यासाठी वेगळा वन्यजीव प्रकल्प करावा लागत नाही. मोठ्या प्राण्यांसाठी अर्थात मोठी वाट लागते. त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे: राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागात न्यायालयीन लढाईनंतर नऊ ठिकाणी उंच पूल आणि भुयारी वाटा ठेवल्या गेल्या, त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांसह अठरा जातींचे वन्य प्राणी त्यांखालून ये-जा करताना टिपले गेले. ती वाट यशस्वी ठरली कारण ती आराखड्यात होती, रस्त्यासोबत बांधली गेली आणि नंतर कुणीतरी मोजली. कोकणातल्या मोरीला या तिन्ही गोष्टी मिळायला हरकत नसावी.

पाण्याला गृहीत धरल्याची किंमत या महामार्गाने आधीच मोजली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल महापुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसं घेऊन. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, म्हणजे इच्छा असली की यंत्रणा धावते. चौपदरीकरणाच्या रोजच्या कामात ही धाव मोरीपर्यंत का पोहोचत नाही, याचं उत्तर पुढे करारात सापडतं.

त्याआधी माती. डोंगर कापला की निघालेली माती जाते कुठे? पायथ्याशी २४ मीटर रुंद, १० मीटर खोल, दोन्ही बाजूंना एकास एक ढाळ असलेलं ५०० मीटर लांबीचं कटिंग घ्या. त्यातून १,७०,००० घनमीटर माल निघतो. खणलेली माती फुगते. तीस टक्के फुगली धरली तर २,२०,००० घनमीटर, म्हणजे १४ घनमीटरच्या डंपरच्या पंधरा-सोळा हजार खेपा. हे एका कटिंगचं. आराखडा करतानाच कुठल्या कटिंगचा माल कुठल्या भरावाला जाणार याचा ताळेबंद मांडला तर निम्म्याहून अधिक माल रस्त्यातच जिरतो. जांभा खडी म्हणून निरुपयोगी, कारण तो चुरतो आणि पाणी पितो. पण भरावाला आणि संरक्षक भिंतींच्या चिऱ्याला उत्तम. ताळेबंद नसला की डंपरवाला सगळ्यात जवळचा खड्डा शोधतो, आणि कोकणात सगळ्यात जवळचा खड्डा म्हणजे वहाळ. किंवा पैशांची नड असलेल्या शेतकऱ्याचा मळा. पावसात तीच तांबडी माती खालच्या खाचरांत पसरते आणि लावणी झालेल्या भातावर चिखलाचा थर बसतो. २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात वाशिष्ठीतला गाळ काढायची मोठी मोहीम घ्यावी लागली. त्या गाळाला महामार्ग एकटा जबाबदार नाही. पण खाली नदीतून गाळ उपसायचा आणि वर डोंगराची माती वहाळाच्या काठी लोटायची, या व्यवहाराला काय म्हणावं?

उलट बाजूला, भरावासाठी माती कमी पडली की आसपासच्या टेकड्या पोखरल्या जातात. २०२० च्या एका अधिसूचनेने रस्ते आणि लोहमार्गांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ती सूट रद्द केली. त्याच्या आधी, पर्यावरण मंजुरीच्या नियमांतल्या २०१३ च्या दुरुस्तीनुसार, अस्तित्वातल्या महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरहून लांब आणि जादा जमिनीची रुंदी ४० मीटरहून अधिक असेल तरच केंद्रीय मंजुरीची गरज उरली. त्यामुळे टप्प्याटप्प्याने होणाऱ्या रुंदीकरणात पर्यावरणाचं राखण मंजुरीच्या कागदाऐवजी कराराच्या कलमांकडे आलं आहे. हे ओळखून करार लिहिला पाहिजे. विदर्भात बुलढाण्यात तलावांतला गाळ आणि माती काढून ती महामार्गाच्या भरावाला वापरली, तलाव खोल झाले आणि त्या पद्धतीला ‘बुलढाणा पॅटर्न’ असं नावही मिळालं. कोकणात तलावांऐवजी गाळाने भरलेली धरणं आणि खाड्यांची तोंडं आहेत. तिथला गाळ तपासून, वाळवून काही प्रमाणात वापरता येईल. सगळा नाही, चिकणमातीचा गाळ भरावाला चालत नाही.

वरच्या सुपीक मातीचं तर विचारूच नका. रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक विनिर्देशांत स्पष्ट लिहिलंय: वरची १५० मिलिमीटरपर्यंतची माती वेगळी काढायची, दोन मीटरहून उंच ढीग न लावता साठवायची आणि उतारावर परत पसरायची. २० मीटर जादा रुंदीच्या एका किलोमीटरला ही माती ३,००० घनमीटर भरते. कोकणात वीतभर माती तयार व्हायला पिढ्या जातात. ती मुरमात मिसळून भरावात गाडली जाते आणि मग उघड्या उतारावर गवत का धरत नाही म्हणून बाहेरून माती विकत आणतात.

काँक्रीटबद्दल थोडं. हा महामार्ग बहुतांश सिमेंट काँक्रीटचा होतो आहे. एवढ्या पावसात डांबर लवकर सुटतं, त्यामुळे निर्णय अयोग्य म्हणता येणार नाही. पण त्याचा कार्बनचा हिशेब मोठा आहे. दोन्ही बाजू मिळून साडेसतरा मीटर रुंदी आणि ३०० मिलिमीटर जाडी धरली तर किलोमीटरला ५,२५० घनमीटर काँक्रीट लागतं, त्यात घनमीटरला ३८० किलोप्रमाणे सुमारे २,००० टन सिमेंट. साध्या सिमेंटच्या एका टनामागे ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. यातलं पंचवीस टक्के सिमेंट काढून त्याजागी औष्णिक केंद्राची राख घातली, तर किलोमीटरमागे ५०० टन सिमेंट वाचतं आणि चारशे टनांहून अधिक कार्बन. राख रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला आहे, आणि तसाच सिमेंटऐवजी चालणारा, लोखंडाच्या झोतभट्टीतला स्लॅग (मळी) रायगडातल्या डोलवीला. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांना राख वापरणं बंधनकारकही आहे.

मग अडतं कुठे? वेळेत. राख घातलेलं काँक्रीट ताकद सावकाश धरतं. साध्या सिमेंटच्या पट्ट्याला किमान १४ दिवस ओलं ठेवायचं, तर याला त्याहून जास्त. आणि आपल्याकडे दरवर्षी एकच मुदत असते: गणपतीआधी. चाकरमान्यांच्या गाड्या निघायच्या आत एक मार्गिका तरी सुरू करायची म्हणून जून-जुलैत, पावसाच्या उघडीपीत काँक्रीट ओतलं जातं, ओलं ठेवण्याचे दिवस कापले जातात, सांधे कापायला उशीर होतो आणि पट्ट्यावर मनाला येईल तिथे तडे जातात. खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक बसवतात, ते चाकांखाली उखडतात. गणपतीच्या मुदतीने या रस्त्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं पावसाने केलं नसेल. (चाकरमान्यांनी याचा राग मानू नये. रस्ता त्यांच्यासाठीच आहे, आणि दरवर्षी तोच खड्डा तेच भोगतात.)

काँक्रीटच्या पोटात आणखी एक चूक दडलेली असते, ती वरून दिसत नाही. पट्ट्याखाली कमी सिमेंटच्या काँक्रीटचा थर आणि त्याखाली खडी-मुरमाचा जीएसबी थर असतो. या खालच्या थराचं मुख्य काम पाणी बाहेर काढणं. त्यासाठी तो भरावाच्या बाजूच्या उतारापर्यंत नेऊन उघडा ठेवावा लागतो. साइडपट्टीची माती टाकणारा मुकादम नेमका त्याचं तोंड मातीने बंद करतो, कारण तसं नीट दिसतं. सांध्यांतून उतरलेलं पाणी मग आत कोंडतं, जड ट्रक गेला की पट्ट्याखालून चिखल पिचकारीसारखा सांध्यातून वर उडतो, खालचा आधार पोकळ होतो आणि पट्ट्याचा कोपरा तुटतो. पावसाळ्यात सांध्याभोवती तांबडे डाग दिसले की समजावं, पट्टा खालून पोकळ व्हायला लागलाय. असा पट्टा तोडून पुन्हा ओतला की राखेने वाचवलेला सगळा कार्बन तिथेच परत गेला.

डांबरात प्लास्टिक मिसळण्याची गोष्ट भाषणांत हमखास येते. डांबराच्या वजनाच्या सहा-आठ टक्के प्लास्टिक, ते खरं आहे, चांगलंही आहे. पण काँक्रीटच्या महामार्गावर त्याला जागा फक्त सेवारस्त्यांवर. जुन्या दोन पदरी रस्त्याचं खरवडून काढलेलं डांबर मात्र नव्या मिश्रणात तीस टक्क्यांपर्यंत घालता येतं, आणि ते कुठे जातं हे कुणी विचारत नाही. सौर दिव्यांबद्दल काही लिहायची गरज वाटत नाही.

आता झाडं, कारण ती टाळता येणार नाहीत. पहिली गोष्ट, मोठं झाड उचलून दुसरीकडे लावू हे आश्वासन या मातीत बहुतेक वेळा पोकळ असतं. झाड जगवायचं तर बुंध्याच्या व्यासाच्या आठ-दहा पट रुंदीचा मुळांचा गड्डा मातीसकट उचलावा लागतो. मीटरभर बुंध्याच्या वडाला आठ मीटरचा गड्डा, आणि जांभ्यात तो उचलताना फुटतोच. म्हणजे असं झाड वाचवायचा खरा मार्ग एकच: आराखड्याच्या वेळी रुंदीकरण एकाच बाजूला सरकवणं, किंवा झाड दुभाजकात येईल अशी आखणी करणं. आखणी झाल्यावर रडून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, लावलेलं रोप मरतं ते बहुधा पहिल्या मार्च ते मेमध्ये. पाऊस सरला की जांभ्याचा कातळ तव्यासारखा तापतो. मीटरभर खोल-रुंद खड्डा, त्यात जपून ठेवलेली वरची माती आणि शेणखत, जूनच्या पहिल्या पावसात लावणी, आणि जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला वीस लिटर पाणी. किलोमीटरला दोन्ही बाजूंची तीनशे झाडं धरली तर आठवड्याला सहा हजार लिटर, म्हणजे किलोमीटरमागे एक लहान टँकर. तीन वर्षं. शिवाय डिसेंबरात प्रत्येक रोपाभोवती मीटरभर गवत काढायचं, नाहीतर वणव्यात एका दुपारी सगळी ओळ जाते. जाती इथल्याच हव्यात: करंज, उंडी, जांभूळ, बकुळ, सातवीण, कुंभा, आणि जागा असेल तिथे आंबा-फणस. ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर वाढते म्हणून लावायची आणि आकडा पुरा करायचा, हे कोकणाने पुष्कळ पाहिलंय. २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा एक टक्का लागवडीसाठी ठेवला आहे. पैसा आहे. तो खड्डा खणल्यावर न देता तिसऱ्या मेअखेर जिवंत झाड मोजून द्यायला हवा.

आणि इथेच सगळ्या धाग्यांची गाठ पडते: पैसे कसे दिले जातात. यातली बरीच कामं ईपीसी (आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकाच ठेकेदाराकडे) करारावर होतात. त्यात ठेकेदाराला एकूण एकच रक्कम ठरते आणि ती कामाच्या टप्प्यांप्रमाणे टक्केवारीत मिळते. मातीकाम, जीएसबी, काँक्रीट आणि मोठे पूल यांना मोठा वाटा. गटारं, उतारांचं संरक्षण, लागवड ही बव्हंशी ‘इतर कामे’ या गठ्ठ्यात जातात. हातात पैसा खेळता राहावा म्हणून कुठलाही शहाणा ठेकेदार आधी काँक्रीट ओततो. त्यात लबाडी नाही, करारच तसं शिकवतो. परिणाम असा की रस्ता तयार, डोंगर कापलेला, आणि गटार पुढल्या वर्षी. वरातीमागून घोडे.

तोडगा करारातच आहे. उताराचं आणि निचऱ्याचं काम ‘इतर’मधून काढून त्याला स्वतंत्र टक्केवारी द्यावी. अडवण गटार आणि मोरी पूर्ण होऊन तपासल्याशिवाय त्या किलोमीटरच्या काँक्रीटचा हप्ता सोडू नये. उताराच्या रकमेचा तिसरा हिस्सा राखून ठेवावा आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर पाहणी करून तीन वर्षांत सोडावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. काँक्रीटच्या रस्त्याला ईपीसीत दहा वर्षांची दोषदायित्वाची मुदत (त्या काळातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे) आधीच आहे. फक्त ‘दोष’ या शब्दात तुंबलेली मोरी आणि सरकलेला उतार नावानिशी घालायला हवा. हॅम (हायब्रिड ॲन्युइटी) पद्धतीच्या करारात, जिथे ठेकेदार स्वतःचाही पैसा घालतो, तर खर्चाची साठ टक्के रक्कम पुढच्या पंधरा वर्षांत हप्त्यांनी दिली जाते. त्या हप्त्याला जिवंत झाडं आणि वाहत्या मोऱ्या जोडणं एका परिशिष्टाचं काम आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं, कोकणी माणूस दशकाहून अधिक काळ धूळ खातोय, आता त्यात पर्यावरणाची आणखी एक अट कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्यामागचा वैतागही खरा आहे. पण हा उशीर गटारांनी केलेला नाही. जमिनीचा मोबदला, ठेकेदारांची आर्थिक दमछाक, बदललेले ठेके यांनी तो केला, आणि उरलेला उशीर कोसळलेल्या उतारांच्या, खचलेल्या भरावांच्या फेरकामांनी. अडवण गटार खणायला एका उत्खनन यंत्राला जे दिवस लागतात, ते एकदा घाट बंद पडला की पहिल्याच आठवड्यात फिटतात. दुसरा आक्षेप खर्चाचा. राखून ठेवलेल्या रकमेमुळे निविदा थोडी चढेल, ते खरं. ती चढू द्यावी. आज स्वस्त दिसणाऱ्या निविदेतला फरक उद्या आपत्ती व्यवस्थापनाच्या खात्यातून जातो, त्यामुळे तो कुणाला दिसत नाही इतकंच.

करार बदलेपर्यंत एक गोष्ट मात्र येत्या मेमध्ये करता येईल, एक रुपयाची नवी तरतूद न करता. प्रत्येक मोरीवर तिचा क्रमांक आणि किलोमीटर रंगवून ठेवावेत. ३१ मेच्या आत तिच्या दोन्ही तोंडांचा साफ केलेला फोटो तारखेसह जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. नारळीपौर्णिमेला त्याच मोरीचा दुसरा फोटो त्याच्या शेजारी. अडवण गटारांचंही तसंच, माथ्यावर चढून काढलेला. माथ्यावर चढायला पाऊलवाट नसेल, तर ती आधी करावी. ज्या गटारापर्यंत माणूस पोहोचू शकत नाही ते दुसऱ्या पावसाळ्यात भरलेलं असतं.